अवैध नोंद

पडद्यावरच्या बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग उजव्या हाताने स्वतःच्याच गालावर एक चापट मारली. जरा थांबून आणखी एक. जोरात नव्हे. शाळेत एखाद्या मठ्ठ पोरीला मारतात तशी, सवयीची, रागापेक्षा कंटाळ्याची. मग त्यांनी पदर सारखा केला, बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली आणि चेहऱ्यावर हसू आणून ठेवलं. तेवढ्यात दार उघडून पाण्याचा तांब्या घेतलेली योगिनी स्वतःच पडद्यात शिरली आणि म्हणाली, "जमतंय की, ताई."

योगिनीने कॅसेट थांबवली. पडद्यावर तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि त्यावरून पांढऱ्या रेघा थरथरत वर जाऊ लागल्या. खाली खताचं दुकान होतं. औषधांचा उग्र, गोडसर वास जिन्यावरून वर येऊन खोलीत साचलेला असे, आणि पंखा तो वास फक्त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेई. बारामतीत येऊन तिला दोन-तीन आठवडे झाले होते, पण या वासाची सवय झाली नव्हती. तिने कॅसेट मागे नेली. पुन्हा दाराकडे पाहणं, पुन्हा चापट, पुन्हा पदर. पुन्हा ते हसू. कॅमेरा आपण बंद केला नव्हता, हे तिला आता आठवलं. काल पाणी आणायला आपण उठलो, खालच्या दुकानात माठापाशी रेंगाळलो, तेव्हा ही बाई या खोलीत एकटी होती.

टेबलावर पडद्यावरच्या त्या बाईंचा, विजयमालाबाईंचा, कागद होता. रकाने योगिनीनेच आखले होते: सुस्कारा, कपाळावर आठी, पुटपुटणं, कीबोर्ड आपटणं, काम अर्धवट सोडणं. पुण्यातल्या कंपनीने पतसंस्थांसाठी मराठी सॉफ्टवेअर बनवलं होतं, आणि विकण्याआधी खरे कारकून त्याच्यापुढे बसवून त्यांना किती वैताग येतो ते मोजायचं होतं. कंपनीचे साहेब ही पद्धत कुठल्याशा परदेशी शिबिरातून शिकून आले होते. एम. ए. ला मानसशास्त्र घेतलेली योगिनी त्यासाठीच कंत्राटावर नेमलेली. ती कारकुनाच्या शेजारी बसायची, त्याच्या प्रत्येक उसाशाची खूण करायची, आणि शेवटी बेरजेचा एक आकडा निघायचा. आकडा लहान तर माल चांगला. सुरुवातीला तिने शब्दावरच दोन दिवस घालवले होते. त्रागा म्हणावं, तर तो दुसऱ्याला दिसावा म्हणून केलेला असतो. चिडचिड म्हणावं, तर ती चिडणाऱ्याचीच खोड वाटते. शेवटी तिने वैताग लिहिलं, तेव्हा तिला बरं वाटलं होतं, जणू शब्द सापडला म्हणजे ती गोष्टही सापडली. विजयमालाबाईंच्या कागदावर एकही खूण नव्हती. खाली तिच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: वैताग नगण्य.

बाई पतसंस्थेच्या इंदापूरच्या शाखेतून एस. टी. ने आल्या होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, कॅशच्या काउंटरवर इतकी वर्षं काढलेल्या. काम अडलं की मशीन टुणकन आवाज करायचं, पडद्यावर तांबड्या अक्षरांत 'अवैध नोंद' असं उमटायचं आणि बाई हसून म्हणायच्या, "माझंच चुकलं बघा." प्रत्येक वेळी. ताक सांडलेल्या सुनेने सासूपुढे म्हणावं तसं. उलट बारामती शाखेतल्या सावळारामने त्याच तांबड्या अक्षरांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या, कीबोर्ड ढकलला होता आणि 'च्या पिऊन येतो' म्हणून गेला तो आलाच नव्हता. त्याचा आकडा सगळ्यांत मोठा. सगळं सरळ होतं, कालपर्यंत. आता ही चापट कुठल्या रकान्यात घालायची? योगिनी पेन उघडून बसली आणि तिचं स्वतःचंच लक्ष आपल्या डाव्या हाताकडे गेलं. तो गालाला टेकलेला होता. तिने तो खाली घेतला.

न कळण्याजोगं तिला खरं तर काहीच नव्हतं. ती लहान असताना वडिलांची, आप्पांची, मेंढरं होती, पावसाळा सरला की मेंढरांमागे बिऱ्हाडाचा वाडा हलायचा, आणि कोकणाच्या वाटेवर एका माळावर तिच्या आईने, म्हाळसाने, उकळत्या कालवणाचं भांडं उतरवताना हात भाजून घेतला होता. कुणाला कळलंच नाही. एका हाताने तिने भाकऱ्या थापल्या, वाढल्या, भांडी घासली. सकाळी पोरीचे केस विंचरायला बसली तेव्हा योगिनीला तो तळवा दिसला, पाणी भरून फुगलेला, सोलल्यासारखा. 'दुखतंय का?' असं तिने विचारलं होतं. 'न्हाय गं,' म्हणून आई हसली होती. मेंढरं विकून आता आप्पा कळसला ऊस लावत होते, योगिनी पुण्यात शिकली, पण ते हसू तिला आंदण मिळाल्यासारखं बरोबर आलं. लग्नानंतर ते फार उपयोगी पडलं. नवरा वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. तिने गॅसचा रेग्युलेटर बसवायला घेतला की तो मागून यायचा, बारीक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, 'राहू दे.' तिच्या हातून वस्तू काढून घ्यायचा. स्कूटर, बँकेची स्लिप, पाहुण्यांसाठी करायला घेतलेली पुरणपोळी, एकदा तर खिळा. राहू दे. ती हसून बाजूला व्हायची. दिवाळीनंतर एक दिवस तिला कपाटाचं कुलूप उघडेना आणि ती घाम फुटून मागे पाहू लागली. घरात कोणी नव्हतं. त्याच आठवड्यात ती नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. कळसला तिने सांगितलं नव्हतं. संक्रांतीला गेली तेव्हा जावई कसे आहेत विचारल्यावर ती म्हणाली, 'बरे आहेत,' आणि तिळगुळाचा डबा पुढे केला.

दुपारी पतसंस्थेचे मॅनेजर बापूसाहेब जिना चढून आले. जिन्याने दमले होते. माणूस सरळ होता, संचालक आणि कारकून यांच्यामध्ये दोन्हीकडून चेपला जाणारा. खुर्चीवर बसून त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि आपली अडचण सांगितली. जूनपासून इंदापूरला काउंटरवर मशीन बसणार. लोणी देवकरला कारखान्यांच्या वसाहतीत संस्थेचा नवा काउंटर उघडायचा होता, पत्र्याच्या खोलीत. तिथे काही वर्षं काम हातानेच चालणार. तिकडे जायला कोणी तयार नव्हतं. जायला यायला वाहन धड नाही, आणि ज्याला मशीन जमलं नाही तो तिकडे, असा बोभाटा आधीच झालेला.

"तुमच्या आकड्यांनी माझं काम सोपं केलंय, मॅडम," ते म्हणाले. "ज्याचा आकडा मोठा त्यो लोणी देवकरला. बारका त्यो मशीनवर. आन् कॅसेटा बी द्या. उद्या कुणी भांडाय आलं तर त्याला त्याचंच तोंड दाखवतो."

"आकडे माणसांचे नाहीत, बापूसाहेब. सॉफ्टवेअरचे आहेत."

"व्हय. पर बसलं तर माणूसच हुतं न्हवं?"

प्रत्येकाला खुर्चीत बसवताना ती एक वाक्य म्हणायची: परीक्षा तुमची नाही, मशीनची आहे. इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते तोंडातून आपोआप निघायचं, एस. टी. तल्या कंडक्टरच्या 'पुढं सरका' सारखं. सावळारामला ते खरं वाटलं होतं, म्हणून तो मोकळेपणी चिडला. त्याच्या पदरात आता लोणी देवकर पडणार. विजयमालाबाईंना ते क्षणभरही खरं वाटलं नव्हतं, म्हणून त्या वाचणार. आणि ही कॅसेट बापूसाहेबांच्या हाती पडली, तर त्याही जाणार, आणि वर शाखेतल्या सगळ्यांनी मिळून ती चापट पाहिलेली असणार. कॅसेट लपवावी तर सॉफ्टवेअर उत्तम ठरणार, आणि ती तांबडी अक्षरं गावोगावच्या काउंटरवर जाऊन बसणार. तिने बापूसाहेबांना सोमवारी देते असं सांगितलं. ते गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावर एक माणूस मोपेडला लाथा घालत होता, मोपेड सुरू होत नव्हती, आणि त्याच्या कपाळावरची आठी तिला वरून स्पष्ट दिसत होती. आपण मनातल्या मनात तिची खूण केली, हे लक्षात आल्यावर ती खिडकीपासून मागे झाली.

रविवारी ती इंदापूरला गेली. एस. टी. च्या खिडकीतून गरम वारा आत येत होता. कडेला ऊस, मधूनच माळ, मधूनच मोकळी पडलेली जमीन. आपण विजयमालाबाईंना काय सांगणार, हे तिने पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं आणि प्रत्येक वाक्याला चुकीच्या घरात टाकलेल्या आकड्यासारखा टुणकन आवाज आला. तुम्ही स्वतःला मारलंत ते मी पाहिलं. असं कसं म्हणणार? हे पाहणंच तर चोरून झालं होतं. विजयमालाबाई घरी होत्या. अंगणात बाजेवर जुनं पातळ पसरून त्या कुरडया घालत होत्या, आणि योगिनीला पाहून त्यांचा सोऱ्या हातातच राहिला. मग ते हसू आलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, कारखान्याच्या भोंग्यावर आणि उन्हावर बोलल्या. कशाला आलात हे त्यांनी विचारलं नाही. योगिनीने कॅमेरा चालू राहिल्याचं सांगितलं, मी पाण्याला गेले होते तेव्हाचं, आणि पुढे नुसतं आपल्या गालाकडे बोट नेलं.

बाई सोऱ्या फिरवत राहिल्या. एक कुरडई, तिच्या शेजारी दुसरी. "डास असंल," त्या म्हणाल्या.

"असेल," योगिनी म्हणाली.

बाजेवरची ओळ पूर्ण झाली. कावळा आला, बाईंनी हात हलवून त्याला उडवलं, आणि त्याच हालचालीत, योगिनीकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्यात ते तांबडं अक्षर दिसतंय का? अवैध म्हणून आलेलं?"

"नाही. कॅमेरा तुमच्याकडे होता."

"मंग ठीक हाय." त्यांनी सोऱ्या खाली ठेवला, हात पदराला पुसले. हसू गेलं होतं. त्याच्याखाली एक साधा, थकलेला, जरा रागीट चेहरा होता आणि योगिनीला तो पहिल्यांदाच दिसत होता. "एवढी वर्षं कॅश सांभाळली, बाई. कुणी बोट ठिवलं न्हाय. त्या मशीननं घटकाभरात मला अवैध केलं. पेपरात येतं न्हवं, अवैध दारू, अवैध वाळू? तसलंच. घरी आले तर जेवन जाईना. म्हणलं, आपल्या हातनं काय झालं असंल? कुनाचं पैसं इकडचं तिकडं तर न्हाय?"

योगिनी सांगू लागली. तारीख लिहिताना आकडे इंग्रजी हवेत. बाकी सगळीकडे मराठी चालतात, फक्त त्या एका घरात नाही. बाईंनी मराठी आकडे लिहिले, म्हणून ते येत होतं. दुसरं काही नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग तसं लिवायला काय झालं हुतं?"

हे त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या अंगणातल्या बाईने मान वर करून पाहिलं. विजयमालाबाई उठल्या, चहा ठेवायला आत गेल्या, आणि आतून भांडी जरा जास्तच आपटल्याचा आवाज आला. योगिनी बाजेच्या कडेला बसून तो आवाज ऐकत राहिली. तिला त्याची खूण करावीशी वाटली नाही. चहा घेताना बाईंनी एवढंच विचारलं की कॅसेटवरचं पुसता येतं का. येतं, असं योगिनीने सांगितलं. पुसा असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि निघताना वाळलेल्या कुरडया कागदात बांधून दिल्या.

सॉफ्टवेअर लिहिणारा ऋषिराज सोमवारी पुण्याहून आला. तो मूळचा बारामतीजवळच्या कऱ्हाटीचा. हुशार, घाईतला मुलगा, योगिनीला ताई म्हणायचा. 'अवैध' हा शब्द बदलायचा म्हटल्यावर तो वैतागला. आकडे पाहिले तर सावळाराम सोडून सगळ्यांचे छान होते, मग खोडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. शब्द परिभाषा कोशातला होता. साहेबांनी मान्य केलेला होता. मार्चअखेरीच्या आत संस्थेची सही हवी होती. योगिनीने चापटेचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो लगेच मानला असता, हे तिला ठाऊक होतं; पुरावा पाहिला असता, हळहळला असता, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणाला तरी ते सांगितलं असतं.

"ऋषी, अवैध म्हणजे काय?" तिने विचारलं.

"इनव्हॅलिड."

"मराठीत सांग."

त्याने मान वळवून मशीनकडे पाहिलं. "बेकायदेशीर," तो शेवटी म्हणाला, आणि खुर्ची ओढून मशीनपुढे बसला. धुसफुसत का होईना, त्याने 'तारीख इंग्रजी आकड्यांत लिहा' असं केलं. तांबडा रंग काढला. मग तिने न सांगता तो टुणकन आवाजही काढला, आणि म्हणाला की तो त्याला स्वतःलाही कधी आवडला नव्हता.

तो जेवायला गेल्यावर योगिनीने कॅमेरा भिंतीकडे फिरवला आणि एकेक कॅसेट आत घालून पुन्हा भरू लागली. सावळारामची, बाईंची, सगळ्यांची. भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, ते वाऱ्याने हलत होतं. सबंध दुपारभर यंत्र तेवढं टिपत राहिलं आणि त्याच्याखाली ते सुस्कारे, त्या शिव्या, तो पदर, एकेक करून सगळं नाहीसं होत गेलं. तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसतं खूप दमल्यासारखं झालं, लांबचं चालून आल्यासारखं, आणि तिने टेबलावर डोकं टेकलं. बापूसाहेब आले तेव्हा तिने त्यांना कॅसेटा पुसल्याचं सांगितलं, आकडे देणार नाही हेही सांगितलं. ते चिडले नाहीत. टोपी हातात फिरवत म्हणाले, "आता मी कुणाला कशाच्या जिवावर पाठवू, तेवढं सांगा." त्यांनी खालच्या दुकानातून पुण्याला फोन लावला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. साहेब सभ्यपणे बोलले. कंपनीच्या मालाला तिने विचारल्याशिवाय हात लावला होता; महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपत होतं, ते पुढे वाढवण्यात अडचणी होत्या. ती हो हो म्हणत होती. फोन ठेवल्यावर दुकानदाराने काय झालं विचारलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं आणि ते तिथेच वाळून चिकटल्यासारखं जिना चढेपर्यंत राहिलं.

संस्थेची सही झाली. लोणी देवकरचा तिढा बापूसाहेबांनी शेवटी पाळी लावून सोडवला. सगळेच नाराज झाले, पण सारखेच. महिन्याच्या शेवटी ऋषिराजने इंदापूरच्या काउंटरवर मशीन जूनच्या आधीच आणून बसवलं आणि योगिनी त्याच्याबरोबर गेली, हिशेब मिटवण्याआधीचं शेवटचं काम म्हणून. विजयमालाबाईंनी तिला पाहून मान हलवली, जास्त ओळख दाखवली नाही. त्या कीबोर्डवर एकेक बोट शोधून दाबत होत्या. समोर रांग होती. मध्येच काही अडलं, पडद्यावर ओळ उमटली, आणि रांगेतला कोणी तरी खाकरला. बाई चष्मा वर करून ती ओळ वाचत राहिल्या. "थांब की मेल्या जरा, लिवतीया न्हवं," असं त्या मशीनला म्हणाल्या, साध्या आवाजात, दारातल्या वासराला म्हणावं तसं. योगिनीजवळ कागद नव्हता. असता तर ते पुटपुटण्याच्या रकान्यात गेलं असतं.

परतताना ती बारामतीपर्यंत गेलीच नाही. कळसच्या फाट्यावर उतरली, एका ट्रॅक्टरवर बसून गावात आली. आप्पा उसाला पाणी द्यायच्या पाळीवर गेले होते. म्हाळसा ओट्यावर वाकळ शिवत बसली होती. तिने अंग आवरून जागा केली, आधी पाणी घे म्हणाली. ऊन उतरत होतं. कडुनिंबाखाली उरलेल्या दोन शेळ्या बसल्या होत्या. अवेळी आलीस, काम संपलं का, असं आईने विचारलं. संपलं, असं योगिनीने सांगितलं. मग आई जावयाबद्दल विचारील म्हणून ती थांबली, आणि तिला आपल्या गालांचे स्नायू जागच्या जागी तयार होताना जाणवले. आई काही विचारीना. सुई वाकळीतून खाली जात होती, वर येत होती.

"मी तिथं राहत नाही," योगिनी म्हणाली. "दिवाळीपासून."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? संकरातीला आलीस तवाच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

म्हाळसाने टाका ओढून घेतला, दोरा दातांनी तोडला. "हसत हुतीस की गं," ती म्हणाली. "म्हणलं, हसतीया तवर हसू द्यावं."

योगिनीने काही म्हणायला तोंड उघडलं. घशातून एक विचित्र, फाटका आवाज आला आणि मग थांबेचना. शेळ्यांनी माना वर केल्या. आईने तिला जवळ घेतलं नाही, गप हो म्हणाली नाही. रिळाचा दोरा तोडून तिने सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला. "एवढं ओवून दे," ती म्हणाली. "मला दिसंना."

योगिनीने सुई घेतली. डोळे भरलेले होते, नेढं दिसत नव्हतं, दोऱ्याचं टोक सारखं बाजूला जात होतं. तिने ते ओठांत धरून ओलं केलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा चुकलं. म्हाळसा वाकळीवर हात ठेवून वाट बघत बसली. तिने सुई परत मागितली नाही.